फळा, फिल्म आणि हेडसेट

न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावात सेंट सिसिलिया नावाची एक कॅथलिक शाळा होती. १९३९ साली तिथे विन्स लोम्बार्डी नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण मास्तर म्हणून लागला. वर्गात तो लॅटिन शिकवायचा, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रही शिकवायचा आणि शाळा सुटली की मुलांना घेऊन फुटबॉलच्या मैदानावर उतरायचा. आज सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या चांदीच्या करंडकाला याच मास्तराचं नाव आहे. पण त्या शाळेपासून मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्या व्यावसायिक अजिंक्यपदापर्यंत पोचायला त्याला बावीस वर्षं लागली. त्यातली पाच वर्षं तो न्यूयॉर्क जायंट्स संघात होता आणि त्याच्याकडे काम होतं ते फक्त आक्रमणाचं.

आक्रमणाच्या प्रशिक्षकाच्या या पेशाला पदवी नाही, प्रवेशपरीक्षा नाही आणि नोकरीची हमी तर अजिबात नाही. तरीही गेल्या पाऊणशे वर्षांत त्याची एक ठरावीक शिडी तयार झाली आहे. ती कशी झाली हे समजायला आधी खेळाची मांडणी थोडक्यात पाहावी लागते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकला तर चेंडू समोरच्याचा. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. थांबला की पुढची चाल ठरते: अकरा जणांपैकी कोण कुठे उभा राहील, कोण कोणाला अडवेल, कोण किती पावलं धावून कुठे वळेल आणि क्वार्टरबॅक चेंडू कोणाकडे फेकेल. एका सामन्यात एक संघ अशा साठ-सत्तर चाली सहज खेळतो. म्हणजे साठ-सत्तर वेळा, घड्याळ पळत असताना, कोणीतरी निर्णय घ्यायचा असतो. हा निर्णय कोणाच्या हातात, या एका भांडणातून हा सगळा पेशा जन्माला आला.

सुरुवातीला तो खेळाडूच्याच हातात होता. १९२० साली ओहायोतल्या कँटन शहरात एका मोटारींच्या शोरूममध्ये बसून काही संघचालकांनी जी संघटना काढली, तिचंच दोन वर्षांनी नाव पडलं नॅशनल फुटबॉल लीग. त्या बैठकीला जॉर्ज हॅलास हजर होता. पुढे शिकागो बेअर्स म्हणून गाजलेल्या संघात तो खेळायचा, शिकवायचा आणि संघ चालवायचाही. मैदानात तेच अकरा जण आक्रमण करत आणि चेंडू गेला की तेच बचावाला उभे राहत. चाल क्वार्टरबॅक सांगायचा. प्रशिक्षकाने बाकावरून सूचना देणं नियमातच बसत नव्हतं. लीगने ती मुभा दिली १९४४ मध्ये. अशा खेळात आक्रमणाला वेगळा माणूस ठेवण्याचं कारणच नव्हतं.

तरी अपवाद होतेच. १९४० मध्ये बेअर्सनी अजिंक्यपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. या विजयामागे क्लार्क शॉनेसी नावाचं डोकं होतं. गंमत म्हणजे शॉनेसी तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होता आणि हॅलासला त्याच्या आक्रमणाच्या 'टी' रचनेत सुधारणा सुचवणं हा त्याचा बाजूचा उद्योग होता.

मग महायुद्ध आलं. पुरुष सैन्यात गेले, संघांना माणसं पुरेनात, म्हणून १९४३ मध्ये लीगने खेळाडू हवे तसे बदलण्याची परवानगी दिली. युद्धानंतर ती काढून घेतली, पुन्हा दिली आणि अखेर १९५० मध्ये कायम केली. हा बदल कागदावर एका ओळीचा होता. मैदानात मात्र त्याने एका संघाचे दोन केले: एक आक्रमणाचा, एक बचावाचा. दोन संघ म्हटल्यावर त्यांना शिकवायला दोन प्रकारची माणसं लागणार हे ओघानेच आलं. आणि नेमका त्याच वर्षी क्लीव्हलंडचा संघ लीगमध्ये दाखल झाला.

पॉल ब्राउन हाही मुळात शाळेतलाच माणूस. ओहायोतल्या मॅसिलन या पोलाद कारखान्यांच्या गावात त्याने १९३२ ते १९४० अशी नऊ वर्षं शाळेचा संघ सांभाळला आणि नव्वद सामन्यांत फक्त आठ गमावले. मग ओहायो स्टेट विद्यापीठ, १९४२ चं राष्ट्रीय अजिंक्यपद, मग नौदलाच्या ग्रेट लेक्स केंद्रातला संघ. १९४६ मध्ये नव्याने निघालेल्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये क्लीव्हलंडने संघ काढला तेव्हा त्याला नावच मिळालं 'ब्राउन्स'. ती लीग चार वर्षं चालली आणि चारही वर्षं हाच संघ जिंकला. १९५० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आल्यावर जुन्या संघांना वाटलं, आता यांना खरं फुटबॉल कळेल. पहिल्याच सामन्यात ब्राउन्सनी गतविजेत्या फिलाडेल्फियाला ३५-१० असं हरवलं आणि मोसमाअखेर अजिंक्यपदही घेतलं.

ब्राउनने व्यावसायिक संघात शाळा आणली असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. खेळाडूंना वह्या दिल्या. चाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढायच्या, आकृत्या स्वतः काढायच्या आणि मग त्यावर परीक्षा द्यायची. सामन्यांच्या फिल्म पाहून प्रत्येकाला गुण दिले जात. पेशाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने सहायक प्रशिक्षक बारा महिन्यांच्या पगारावर ठेवले. तोवर सहायकी हे हंगामी काम होतं. मोसम संपला की माणूस विमा विकायला किंवा शाळेत शिकवायला मोकळा. ब्राउनच्या संघात तो उन्हाळ्यातही जुन्या फिल्म पाहत, टिपणं काढत बसायचा. पोटापाण्यासाठी दुसरं काही करावं लागत नाही म्हटल्यावर माणसाने यातच आयुष्य काढायचं ठरवलं तर नवल नव्हतं.

निर्णयाचं भांडणही ब्राउनने निकालात काढलं. चाल मीच सांगणार, असा त्याचा खाक्या होता. प्रत्येक चालीनंतर तो अडवणाऱ्या फळीतल्या एका गार्डला बाहेर काढायचा आणि दुसऱ्याच्या कानात पुढची चाल सांगून त्याला आत पाठवायचा. हे निरोपे गार्ड आलटून पालटून पळत राहायचे. त्यातलाच एक चक नॉल. पुढे पिट्सबर्गचा प्रशिक्षक म्हणून त्याने चार सुपर बोल जिंकले. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम असामान्य खेळाडू होता, सलग दहा मोसम त्याने संघाला अंतिम सामन्यात नेलं, पण चाली बाहेरून येतात हे त्याला फारसं रुचत नसे. ब्राउन बधला नाही. १९५६ मध्ये तर त्याने क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ बसवला. लीगचा आयुक्त बर्ट बेल याने त्याच मोसमात त्यावर बंदी घातली. तो रेडिओ अधिकृतपणे परत आला १९९४ मध्ये. आज बाजूला उभा असलेला माणूस तोंडापुढे चालींचा तक्ता धरून हेडसेटमध्ये बोलताना दिसतो ना, ते ब्राउनचंच अडतीस वर्षं अडलेलं काम.

लोम्बार्डीची वाट याच काळात, पण वेगळ्या दाराने गेली. शाळेनंतर फोर्डहॅम विद्यापीठ आणि मग १९४९ पासून वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कर्नल रेड ब्लेकच्या हाताखाली पाच वर्षं. ब्लेक फिल्म अक्षरशः पिंजून काढायचा. लोम्बार्डीकडे आणखी एक काम असे: सामन्याच्या फिल्म घेऊन न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात जायचं आणि तिथे राहणाऱ्या जनरल मॅकार्थरला त्या दाखवायच्या. कोरियाच्या युद्धात नुकत्याच बडतर्फ झालेल्या सेनापतीपुढे उभं राहून शाळामास्तर चाली समजावून सांगतोय, हे दृश्य एखाद्या नाटकात शोभावं असं आहे.

१९५४ मध्ये जायंट्सचा प्रशिक्षक जिम ली हॉवेल याने त्याला आक्रमण दिलं आणि टॉम लँड्रीला बचाव. दोघांनी आपापला कारभार असा चोख चालवला की चेंडूत हवा भरण्याशिवाय आपल्याला काही काम उरलेलं नाही, असं हॉवेल थट्टेने म्हणायचा. दोन वर्षांत जायंट्स अजिंक्य ठरले. १९५८ च्या गाजलेल्या अंतिम सामन्यात मात्र ते बाल्टिमोरकडून जादा वेळेत हरले. बाल्टिमोरचा प्रशिक्षक कोण? ब्राउनचा जुना सहायक वीब यूबँक. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लोम्बार्डीला ग्रीन बेने बोलावलं. आदल्या मोसमात त्या संघाने बारापैकी एकच सामना जिंकला होता. त्याने एक साधी चाल, 'स्वीप', इतकी घोटून घेतली की समोरच्याला आधी कळूनही ती अडवता येत नसे. पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला जॉन मॅडन तरुणपणी लोम्बार्डीच्या एका शिबिराला गेला होता. या एका चालीवर लोम्बार्डी आठ तास बोलला आणि आपल्याला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं मॅडन पुढे सांगायचा.

लोम्बार्डी आणि ब्राउनच्या आक्रमणात धावणाऱ्या खेळाडूला मोठं स्थान होतं. हवेतून चेंडू फेकण्याचं शास्त्र रचलं सिड गिलमनने. मिनिआपोलिसमध्ये त्याच्या घरच्यांची चित्रपटगृहं होती. तिथे येणाऱ्या वृत्तचित्रांतून तो फुटबॉलचे तुकडे कापून ठेवायचा आणि मधुचंद्राच्या प्रवासात त्याने एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला असं सांगतात. (पत्नीची प्रतिक्रिया कुणी नोंदवलेली दिसत नाही.) साठच्या दशकात सॅन डिएगो चार्जर्समध्ये त्याने मैदानाची लांबी-रुंदी पूर्ण वापरणारं फेकीचं आक्रमण बसवलं. त्याच शहरातल्या विद्यापीठात डॉन कोरिएल याच दिशेने विचार करत होता. पुढे तोही चार्जर्सचा प्रशिक्षक झाला. कोरिएलचा सहायक जो गिब्ज वॉशिंग्टनला गेला आणि त्याने तीन सुपर बोल जिंकले, तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना घेऊन. अमेरिकेत याला प्रशिक्षकांचा वृक्ष म्हणतात. आपल्याला ते गायकीतल्या घराण्यासारखं वाटेल: तालीम कोणाकडे झाली हे सांगितलं की अर्धी ओळख पटते.

पण या पेशाला आजचं रूप ज्याने दिलं तो बिल वॉल्श. त्याची कारकीर्द इथे जरा सावकाश पाहायला हवी, कारण पुढच्या पन्नास वर्षांतल्या असंख्य कारकिर्दींचा कित्ता तिथे आहे.

१९५७ मध्ये वॉल्श कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथल्या शाळेचा प्रशिक्षक झाला. तिथून कॅलिफोर्निया विद्यापीठात सहायक, मग स्टॅनफर्डमध्ये सहायक. १९६६ मध्ये ओकलंड रेडर्सकडे एक वर्ष धावपटूंचा प्रशिक्षक. तिथल्या आक्रमणावर गिलमनची छाप होती, कारण रेडर्सचा कर्ताधर्ता अल डेव्हिस हा गिलमनचा जुना सहायक. १९६७ मध्ये सॅन होजे अपाचीज नावाच्या दुय्यम लीगमधल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. पस्तिशी ओलांडलेला माणूस, दहा वर्षांत पाच नोकऱ्या, आणि हातात काय? एक कुणाच्या लक्षात न राहणारा संघ.

१९६८ मध्ये पॉल ब्राउनने सिनसिनाटीत नवा संघ काढला, बेंगॉल्स. क्लीव्हलंडच्या मालकाने त्याला १९६३ च्या जानेवारीत काढून टाकलं होतं, त्यानंतरचा हा त्याचा दुसरा डाव. वॉल्श त्याच्याकडे गेला आणि आठ वर्षं राहिला. १९६९ मध्ये संघाला ग्रेग कुक नावाचा दणकट हाताचा क्वार्टरबॅक मिळाला, पण पहिल्याच मोसमात त्याचा खांदा कामातून गेला. पुढच्या वर्षी हाती लागला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, फेक अचूक, पण हातात जोर बेताचा. लांब फेकी जमणार नाहीत हे उघड होतं. मग वॉल्शने आक्रमण लांबीऐवजी रुंदीत पसरवलं. चेंडू पाच-सात यार्डच फेकायचा, पण झेलणाऱ्याने उरलेलं अंतर धावून काढायचं. क्वार्टरबॅकची मागे जाणारी पावलं आणि झेलणाऱ्याची पुढे जाणारी पावलं एकमेकांशी जुळवलेली. तिसऱ्या किंवा पाचव्या पावलाला चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. पहिला माणूस मोकळा नसेल तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा, हा क्रम पाठ. १९७१ मध्ये अचूक फेकींच्या टक्केवारीत कार्टर अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. 'वेस्ट कोस्ट' म्हणून जगभर गाजलेल्या आक्रमणाचा जन्म असा ओहायोत, एका मोडलेल्या खांद्यातून झाला.

ब्राउनची आणखी एक सवय इथे कामी आली. सामन्याआधी तो वॉल्शला विचारायचा, सुरुवातीच्या चाली कोणत्या? वॉल्श चार-सहा लिहून द्यायचा. ती यादी वाढत गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोत पंचवीसपर्यंत पोचली. शांत डोक्याने शुक्रवारी ठरवलेलं रविवारच्या गोंगाटात ठरवलेल्यापेक्षा बरं, एवढाच त्यामागचा विचार. आज बहुतेक सगळे संघ हेच करतात.

१ जानेवारी १९७६ ला ब्राउनने मैदान सोडलं, पण गादी दिली दुसऱ्या सहायकाला, बिल जॉन्सनला. वॉल्शच्या जिव्हारी लागलं. इतकंच नव्हे, तर इतर संघांकडे ब्राउनने आपल्याबद्दल प्रतिकूल मत दिलं, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्यात तथ्य किती ते असो, पण या पेशातली एक दुखरी नस त्यातून दिसते: सहायकाचं भवितव्य गुरूने फोनवर उच्चारलेल्या दोन वाक्यांवर टांगलेलं असतं. वॉल्श एक वर्ष सॅन डिएगोत आक्रमणाचा प्रमुख राहिला, दोन वर्षं स्टॅनफर्डचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि १९७९ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स मिळाला. पहिल्या मोसमात दोन विजय, चौदा पराभव. तिसऱ्या मोसमाअखेर सुपर बोल, आणि समोर कोण? ब्राउनच्या मालकीचा बेंगॉल्स. वॉल्श २६-२१ असा जिंकला. १९८९ च्या जानेवारीत पुन्हा तीच गाठ पडली. तेव्हा बेंगॉल्सचा प्रशिक्षक सॅम वायश होता, जो आधी सिनसिनाटीत वॉल्शच्या हाताखाली खेळला होता आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा सहायक होता. वॉल्श २०-१६ असा जिंकला आणि निवृत्त झाला.

त्याच्या मागे माणसांची रांग उभी होती. माइक होल्मग्रेन हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या शाळांमध्ये शिकवलेला, मग ब्रिगहॅम यंग विद्यापीठात क्वार्टरबॅक घडवलेला आणि १९८६ मध्ये वॉल्शकडे आलेला. १९९२ मध्ये तो ग्रीन बेचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा त्याने जमवलेली माणसं पाहा. क्वार्टरबॅकना शिकवायला स्टीव्ह मारियुची. चिल्लर कामांना जॉन ग्रुडेन. टाइट एंड आणि अडवणाऱ्या फळीकडे अँडी रीड, जो काही वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्को स्टेट या छोट्या कॉलेजात शिकवताना संघासाठी पैसे उभे करायला आवारात हॉट डॉग विकत होता. आणि आक्रमणाचा प्रमुख, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, शर्मन लुइस.

१९९७ च्या जानेवारीत ग्रीन बेने सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी मारियुची फोर्टीनाइनर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. तोवर फिलाडेल्फियाला गेलेल्या ग्रुडेनला १९९८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, रेडर्स मिळाले. १९९९ मध्ये रीडला फिलाडेल्फिया मिळालं. तो तर कधी कोऑर्डिनेटरही नव्हता. लुइस मात्र, ज्याच्याकडे अधिकृतपणे आक्रमण होतं, जागच्या जागी राहिला. लुइस कृष्णवर्णीय होता. कारण असं दिलं जायचं की चाली होल्मग्रेन स्वतःच सांगतो, लुइस नाही. कारण खरं होतं, पण चाली रीडही सांगत नव्हता.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये या गोष्टीला एक विचित्र पुरवणी जोडली गेली. वॉशिंग्टनच्या संघाचं आक्रमण ढेपाळलं होतं आणि संघचालकांनी मुख्य प्रशिक्षक जिम झॉर्नच्या मदतीला माणूस शोधला. सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त शर्मन लुइसला त्यांनी मिशिगनहून आधी सल्लागार म्हणून आणलं आणि मग झॉर्नकडून चाली सांगण्याचं काम काढून त्याच्याकडे दिलं. तो तेव्हा काय करत होता? ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात बिंगोचे आकडे पुकारत होता. पत्रकारांना आयता विनोद मिळाला. ज्याने ऐन उमेदीची आठ वर्षं अव्वल संघाचं आक्रमण सांभाळलं आणि मुख्य प्रशिक्षकपदाची एकही संधी ज्याला मिळाली नाही, त्याच्यावर हसणं खरं तर क्रूरच होतं.

शिडीच्या खालच्या पायऱ्या याच सुमारास बदलल्या. लोम्बार्डी, ब्राउन, वॉल्श, होल्मग्रेन हे सगळे शाळेतून आलेले; चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला समजेल असं सांगणं ही त्यांची पहिली तालीम. नव्वदच्या दशकापासून नवी मुलं सरळ संघाच्या कचेरीत शिरू लागली. 'क्वालिटी कंट्रोल' असं कारखान्यात शोभणारं नाव असलेलं हे पद. काम काय, तर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे सामने कापून त्यांच्या चित्रफिती वेगळ्या लावायच्या: तिसऱ्या प्रयत्नात सात यार्ड हवे असताना त्यांचा बचाव कसा उभा राहतो, गोलरेषेजवळ काय करतो, उजव्या कडेला काय करतो. मग त्या बचावाची चित्रं पुठ्ठ्यावर काढायची, म्हणजे सरावात राखीव खेळाडू ती पाहून उभे राहतील. पगार तुटपुंजा, झोप त्याहून कमी. ग्रुडेन पहाटे तीन वाजून सतरा मिनिटांचा गजर लावायचा हे सगळ्या अमेरिकेला पाठ झालं. पण ज्या खोलीत चाली ठरतात त्या खोलीत हे पोर कोपऱ्यात बसलेलं असतं, आणि तेच त्याचं खरं वेतन.

तिथून पुढे एखाद्या गटाचा सहायक, मग त्या गटाचा प्रशिक्षक, मग क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक, मग कोऑर्डिनेटर आणि नशीब असेल तर मुख्य प्रशिक्षक. कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं? बापाचं नाव मदत करतं. काइल शॅनहन हा डेन्व्हरला दोन सुपर बोल जिंकून देणाऱ्या माइक शॅनहनचा मुलगा. ग्रुडेनकडे क्वालिटी कंट्रोल करून अठ्ठाविसाव्या वर्षी तो ह्यूस्टनचा कोऑर्डिनेटर झाला. शॉन मॅक्व्हे याचे आजोबा जॉन मॅक्व्हे वॉल्शच्या काळात फोर्टीनाइनर्सचा कारभार पाहत होते; नातवाची पहिली नोकरी २००८ मध्ये, पुन्हा ग्रुडेनकडेच. ही मुलं कर्तबगार नाहीत असं कोणी म्हणणार नाही. पण दाराची कडी त्यांना आतून काढून मिळाली हेही तितकंच खरं.

२०१० ते २०१३ या काळात थोरला शॅनहन वॉशिंग्टनचा मुख्य प्रशिक्षक होता. त्याच्या आक्रमणाच्या खोलीत काइल शॅनहन, मॅक्व्हे, मॅट लाफ्लूर आणि माइक मॅकडॅनियल बसायचे. मॅकडॅनियल हा येल विद्यापीठातून इतिहास शिकून आलेला. संघाची अखेर वाईट झाली, शेवटच्या मोसमात फक्त तीन विजय, आणि शॅनहन पितापुत्रांना डच्चू मिळाला. पण त्या खोलीतले चौघेही पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. मॅक्व्हे तर १२ जानेवारी २०१७ ला, एकतीस पूर्ण व्हायला बारा दिवस असताना, लॉस एंजेलिस रॅम्सचा प्रमुख झाला. आधुनिक लीगमध्ये इतक्या लहान वयात हे पद कोणाला मिळालं नव्हतं. रॅम्स जिंकू लागले आणि मालकांमध्ये साथ पसरली. मॅक्व्हेबरोबर कॉफी प्यायली तरी नोकरी मिळते, हा विनोद तेव्हाचा. २०१९ मध्ये त्याचा क्वार्टरबॅक प्रशिक्षक झॅक टेलर बेंगॉल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच्याकडे एक वर्ष राहून गेलेला लाफ्लूर ग्रीन बेचा.

जुनी वाट अगदीच बुजली नव्हती. डग पीडरसन लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमधल्या एका शाळेचा चार वर्षं प्रशिक्षक होता, मग रीडने त्याला उचललं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्याने फिलाडेल्फियाला पहिला सुपर बोल मिळवून दिला. आणि ज्यांनी वरची पायरी कधी चढलीच नाही असेही आहेत. टॉम मूर १९७७ मध्ये पिट्सबर्गला चक नॉलकडे आला, म्हणजे ब्राउनच्या त्या निरोप्या गार्डकडे. इंडियानापोलिसमध्ये तेरा मोसम तो क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगबरोबर होता. २०२१ च्या फेब्रुवारीत टँपा बेने सुपर बोल जिंकला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा मूर संघाचा सल्लागार म्हणून मैदानावर होता. या लीगमध्ये तो मुख्य प्रशिक्षक कधीच झाला नाही. या पेशाचं वैभव पाहायचं असेल तर करंडक उंचावणाऱ्यापेक्षा अशा माणसाकडे पाहावं.

राहिला प्रश्न लुइससारख्यांचा. वॉल्शने १९८७ मध्येच कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना सराव शिबिरात काम शिकायला मिळावं म्हणून एक योजना सुरू केली होती. पुढे ती सगळ्या लीगने घेतली. २००३ मध्ये 'रूनी नियम' आला: मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घ्यायची. तोवर मालकांची आवडनिवड मात्र आक्रमणाच्या माणसांकडे झुकली होती, आणि क्वार्टरबॅकच्या खोलीत कृष्णवर्णीय प्रशिक्षक मोजकेच. बहुतेकांची नेमणूक धावपटूंकडे किंवा बचावाकडे. ज्या लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत तिथे मुलाखतीचा नियम शिडीच्या टोकाला लावला होता, पायथ्याशी नाही.

परिणाम २०२२ च्या फेब्रुवारीत स्पष्ट दिसला. सुपर बोलमध्ये मॅक्व्हेचे रॅम्स आणि टेलरचे बेंगॉल्स, म्हणजे गुरू आणि त्याचा सहायक, समोरासमोर आले. रॅम्स २३-२० असे जिंकले. रॅम्सचा कोऑर्डिनेटर केव्हिन ओकॉनेल लगेच मिनेसोटाचा मुख्य प्रशिक्षक झाला. रॅम्समध्ये चाली मॅक्व्हेच सांगायचा. ती अडचण ठरली नाही. त्याच महिन्यात कॅन्सस सिटीत एरिक बिएनेमीने कोऑर्डिनेटरपदाचाच एक वर्षाचा नवा करार केला. रीडच्या हाताखाली याच पदावरून आधी पीडरसन आणि मग मॅट नॅगी मुख्य प्रशिक्षक होऊन गेले होते. बिएनेमी चार मोसम त्या खुर्चीत होता, एक सुपर बोल जिंकून झाला होता, मुलाखतींमागून मुलाखती देऊन झाल्या होत्या. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्याबाबत कारण दिलं गेलं ते तेच: चाली रीड सांगतो.

मार्च २०२२ मध्ये मालकांच्या बैठकीत लीगने पायथ्याशी हात घातला. त्या मोसमापासून बत्तीसही संघांनी आक्रमणाच्या विभागात अल्पसंख्य समाजातली व्यक्ती किंवा स्त्री सहायक म्हणून नेमलीच पाहिजे, तिने मुख्य प्रशिक्षकाबरोबर बसून काम केलं पाहिजे, आणि तिच्या पगाराचा खर्च लीगच्या सामायिक निधीतून मिळेल.